लिव्हरला सूज आहे, पण कशाने? आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
तसेच विभागाचे सचिव, आयुक्त आणि सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : कावीळ झालेल्या प्रत्येक मुलाच्या कागदावर आजाराचे कारण नोंदवणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

मी तालुक्याच्या गावात लहान मुलांचा दवाखाना चालवतो. पावसाळा लागला की माझ्या टेबलावर एकाच धाटणीचे कागद येऊ लागतात. मूल आधी कुठेतरी दाखवलेलं असतं, आणि कागदावर लिहिलेलं असतं : ‘कावीळ. लिव्हरला सूज.’ खाली सलाईन, जीवनसत्त्वं, लिव्हरचं टॉनिक आणि ‘तेलकट बंद’. सूज कशाने आली, याबद्दल एक अक्षर नसतं. कधी कधी तेच मूल वर्षभरापूर्वीही असंच पिवळं झालेलं असतं, तेव्हाच्या कागदावरही हेच शब्द असतात, आणि तेव्हाही कुणी विचारलेलं नसतं. ती एक ओळ लिहिली जावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

डोळे पिवळे सगळ्याच मुलांचे सारखे दिसतात. पण एकाला दूषित पाण्यातून ‘हिपॅटायटिस ए’, म्हणजे विषाणूमुळे यकृताला आलेली सूज, झालेला असतो आणि त्याला विश्रांती, पाणी, जेवण आणि थोडा धीर एवढंच लागतं. दुसऱ्याला विल्सनचा आजार, म्हणजे यकृतात तांबं साठण्याचा जन्मजात दोष, असतो. त्याला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि घेतल्या तर तो म्हातारा होईपर्यंत जगू शकतो. तिसऱ्याच्या शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला चढवलेला असतो. त्याला स्टिरॉइड वेळेवर मिळालं तर यकृत वाचतं. चौथ्याच्या पोटात तापाचं औषध चौपट गेलेलं असतं आणि त्याच्यावरचा उतारा काही तासांतच द्यावा लागतो. पाचवं बाळ महिन्याभराचं असतं, त्याची पित्तनलिकाच बंद असते, आणि त्याला शस्त्रक्रिया हवी असते. या पाचांपैकी एकाचाही आजार टॉनिकने बरा होत नाही. पहिलं मूल आपलं आपण बरं होतं आणि श्रेय टॉनिकला जातं.

कारण शोधलं की काय घडतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ते मी जरा सविस्तर सांगतो, कारण आज विभागात काम करणाऱ्या बहुतेक तरुण अधिकाऱ्यांनी तो आजार डोळ्यांनी पाहिलेला नसेल.

‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ असं त्याचं नाव. देशाचंच नाव लागलं होतं त्याला. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुलं. आधी मूल किरकिरं व्हायचं, खाणं सोडायचं, पोट फुगायचं. पोटावर हात ठेवला की यकृत दगडासारखं टणक लागायचं, त्याची कड धारदार. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरात एकामागून एक भावंडं जायची. त्यामुळे कुणी म्हणे आनुवंशिक आहे, कुणी म्हणे विषाणू, कुणी धान्यावरच्या बुरशीच्या विषाला दोष देई. पिढ्यान् पिढ्या आयांनी हे सोसलं. घराला शाप आहे, असंही ऐकून घेतलं.

या मुलांच्या यकृताचे तुकडे तपासले तेव्हा त्यात तांबं सापडलं, आणि तेही अफाट. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या मुलांत ते हजाराच्या घरात जायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या तांब्याचा माग काढला, आणि तो माग स्वयंपाकघरात गेला. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवता? रात्री कशात ठेवता? आजारी मुलांच्या घरांची निरोगी मुलांच्या घरांशी तुलना झाली. अंगावरचं दूध लवकर सुटलेलं, गाई-म्हशीचं दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं आणि त्यातच ठेवलेलं, हे चित्र पुन्हा पुन्हा समोर आलं. दुधातली प्रथिनं तांब्याला धरून ठेवतात. कल्हई उडालेल्या पातेल्यातलं दूध बाळ रोज पीत होतं आणि त्याच्या कोवळ्या यकृताला ते तांबं बाहेर टाकता येत नव्हतं. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा विचार मांडला गेला. पितळ तर असंख्य घरांत होतं आणि सगळीच मुलं आजारी पडली नाहीत, म्हणजे काही मुलांच्या प्रकृतीतही काही असणार, हेही खरं. पण भांडं बदलणं हातात होतं, प्रकृती बदलणं नव्हतं.

आयांना सांगितलं गेलं : अंगावर पाजा, वरचं दूध द्यायचंच तर स्टीलच्या भांड्यात तापवा. त्याच सुमाराला घराघरांत स्टील येतच होतं. लवकर सापडलेल्या काही मुलांना पेनिसिलामाइन हे शरीरातलं तांबं बाहेर काढणारं औषध देऊन वाचवताही आलं. आणि बघता बघता आजार ओसरला. आज बालरोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना तो बहुधा पुस्तकातच भेटतो. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही हेच झालं होतं. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं अशाच यकृताच्या आजाराने गेली. तिथेही तांब्याच्या भांड्यातलं दूध होतं, आणि भांडी बदलल्यावर आजार थांबला.

महोदय, यात महागडं असं काय होतं? कुणीतरी आईसमोर बसून दुधाच्या भांड्याबद्दल विचारलं. म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. सध्या तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घरात येत आहेत. आरोग्यासाठी म्हणून येत आहेत, बारशाला भेट म्हणून येत आहेत. मोठ्या माणसाने तांब्याच्या तांब्यातलं पाणी पिण्याला माझी हरकत नाही. पण तान्ह्या बाळाचं दूध कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवू नये, साठवू नये, हे वाक्य प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर पुन्हा लागलं पाहिजे. ज्या राज्याने हे जगाला सांगितलं, त्याच राज्यात पुढच्या पिढीच्या आयांना ते ठाऊक नाही.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते तान्ह्या बाळांच्या काविळीबद्दल.

जन्मानंतर पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त बाळं थोडीफार पिवळी होतात आणि दोन आठवड्यांत बहुतेकांची कावीळ उतरते. त्यामुळे ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल आपोआप’ हा सल्ला आजीपासून डॉक्टरपर्यंत सगळेच देतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत तो निभावून जातो. ज्या थोड्या बाळांच्या बाबतीत निभावत नाही, त्यांत पित्तनलिका बंद असलेली बाळं असतात. यकृतात तयार होणारं पित्त आतड्यात उतरतच नाही, ते यकृतातच तुंबतं, सूज येते, आणि काही आठवड्यांत यकृत निबर होऊ लागतं. यावर जपानच्या मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया आहे. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते. ९० दिवसांनंतर ती फार घटते. मग उरतं यकृत प्रत्यारोपण. ते माझ्या भागातल्या किती घरांना जमेल, हे मी आपल्याला सांगायला नको.

जगभरातले आकडे बघता साधारण दहा ते पंधरा हजार जन्मांमागे असं एक बाळ असतं. आपल्या राज्यातल्या जन्मांच्या हिशेबाने वर्षाला शंभराहून जास्त. आणि ते ओळखायला यंत्र लागत नाही. बाळाची शी पांढरट, मातकट, पुट्टीच्या रंगाची असते आणि शू गडद पिवळी, दुपट्याला डाग पाडणारी. निरोगी तान्ह्या बाळाची शू जवळजवळ बिनरंगी असते आणि शी पिवळी. बस, एवढंच पाहायचं असतं.

असं एक बाळ माझ्याकडे चौथ्या महिन्यात आलं होतं. वजन बरं होतं, चेहरा हसरा होता. आईला शीचा रंग पहिल्या महिन्यापासून खटकत होता. तिने तो दोनदा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी सांगितला होता आणि दोन्हीकडे तिला ‘वरचं दूध देत असाल’ असं उत्तर मिळालं होतं. ती देत नव्हती. तिने मला विचारलं, “डॉक्टर, मी आणखी मोठ्याने सांगायला हवं होतं का?” त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. ऐकणाऱ्याला काय ऐकायचं ते शिकवलेलं नव्हतं.

तैवानने यावर उपाय केला आहे. शीच्या रंगांचे फोटो छापलेलं एक कार्ड २००४ पासून तिथे बाळाच्या आरोग्यपुस्तिकेतच देतात. आई फोटोशी रंग ताडून पाहते आणि फिकट रंग दिसला की कळवते. त्यानंतर तिथे ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर तैवानपेक्षा मोठी गोष्ट आहे : आशाताई. घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांची भेट तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेली आहे. चौदा ते बेचाळीस! जणू या आजारासाठीच कुणी हे दिवस ठरवले असावेत. या चार भेटींत आशाताईने आईकडून बाळाचं घाण झालेलं दुपटं मागून घेऊन पाहावं, रंगाच्या कार्डाशी ताडावं आणि फॉर्मवर एक खूण करावी. हे कार्ड प्रत्येक आईच्या हातात आणि प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असलं पाहिजे, आणि ते पाहणं फॉर्मचा भाग असलं पाहिजे. त्यासाठी तिला वेगळा मोबदलाही द्या. तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, आणि फुकटात आणखी एक काम लादलं तर ते कागदावरच होईल.

याला जोडून एक तपासणी लागते. चौदा दिवसांनंतरही बाळ पिवळं असेल तर बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, नुसतं एकूण मोजून भागत नाही, त्यातलं ‘डायरेक्ट’, म्हणजे पित्त तुंबल्यावर वाढणारा भाग, किती ते मोजावं लागतं. ही साधी, स्वस्त रक्ततपासणी आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रिपोर्टांवर फक्त एकूण आकडा असतो. ग्रामीण रुग्णालयांना आदेश द्या की तान्ह्या बाळाच्या काविळीत दोन्ही आकडे आलेच पाहिजेत. आणि डायरेक्ट वाढलेलं दिसलं तर त्याच दिवशी फोन कुणाला करायचा, बाळ कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालशल्यचिकित्सा विभागात पाठवायचं, हे जिल्हावार लिहून भिंतीवर लावा. अशा बाळाला पाठवताना के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला विसरू नका, हेही त्यावर लिहा. पित्त आतड्यात न पोचल्याने त्यांच्यात ते कमी पडतं, आणि काहींचं पहिलं लक्षण मेंदूतला रक्तस्राव हेच असतं.

जन्माच्या वेळचीच आणखी एक गोष्ट. आईला ‘हिपॅटायटिस बी’ असेल तर तो बाळाला प्रसूतीच्या वेळी लागू शकतो, आणि त्या वयात लागलेला संसर्ग दहातल्या नऊ बाळांत कायमचा राहतो. मोठेपणी लागला तर शंभरातल्या पाचांतही राहत नाही. लसीचा पहिला डोस २४ तासांच्या आत, हे सरकारचंच धोरण आहे. पण रविवारी, सणाच्या दिवशी, खाजगी प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळांना तो ‘उद्या देऊ’ म्हणून राहतो. या डोसची वेळ तासांत नोंदवायला लावा.

मोठ्या मुलांत मात्र काविळीचं नेहमीचं कारण पाणीच आहे. ‘हिपॅटायटिस ए’चा विषाणू शौचातून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातो. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांत तो कळतसुद्धा नाही. पूर्वी आपली सगळीच पोरं अगदी लहानपणी हा संसर्ग होऊन मोकळी व्हायची. आता शहरांत, निमशहरी भागांत स्वच्छता थोडी सुधारली आहे, त्यामुळे मुलं लहानपणी वाचतात आणि दहाव्या-पंधराव्या वर्षी गाठली जातात, आणि त्या वयात आजार जास्त जोराचा होतो. लस उपलब्ध आहे, पण सरकारी लसीकरणात नाही. ज्याला परवडते तो घेतो. किमान आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या मुलांसाठी तरी तिचा विचार करावा. आणि एका वस्तीत, एका शाळेत तीन मुलं पिवळी दिसली की त्याच आठवड्यात पाइपलाइन आणि टाकी तपासली गेली पाहिजे. २०१२ मध्ये इचलकरंजीत ‘हिपॅटायटिस ई’ या पाण्यातूनच पसरणाऱ्या काविळीची साथ आली, माणसं गेली, तेव्हा सगळ्यांना पंचगंगेचं पाणी आठवलं. ते पहिल्या काही रुग्णांच्या वेळी आठवायला हवं होतं.

इथेच मला कावीळ उतरवणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. गळ्यात माळ घालतात आणि ती जसजशी लांबत जाते तसतशी कावीळ उतरते असं म्हणतात. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं करून दाखवतात. काही ठिकाणी नाकात कडू रस टाकतात, काही ठिकाणी डागही देतात. लोक तिकडे का जातात ते मला समजतं. ‘हिपॅटायटिस ए’ तीन-चार आठवड्यांत आपला आपण बरा होतो, म्हणून शंभर मुलांपैकी नव्वदांहून जास्त मुलांच्या बाबतीत माळ ‘लागू पडते’. आणि सरकारी दवाखान्यात तरी त्यांना कुणी कारण सांगितलेलं असतं का? सांगितलं नाही तर लोक माळेकडेच जाणार. अशा लोकांवर नुसती कारवाई करून हे थांबणार नाही. त्यांना सोबत घेऊन चार खुणा शिकवा : मूल गुंगीत आहे, बरळतंय, उलट्या थांबत नाहीत, कुठून रक्त येतंय, तर माळ घालू नका, आधी गाडी बोलवा. पथ्याच्या नावाखाली मुलांची उपासमार होते तीही थांबवा. तेल-हळद बंद करून, उसाच्या रसावर ठेवलेलं मूल अशक्तच होतं, आणि रस्त्यावरच्या त्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोण जाणे.

औषधांनी येणारी सूज तर पूर्ण आपल्या हातातली आहे. तापाच्या पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप यांत किती फरक असतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या साध्या सिरपच्या पाच मिलीत १२५ असतं. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर बाळाला चौपट डोस जातो. त्यात सर्दीच्या मिश्रणातही पॅरासिटामॉल असतं, तेही चालू असतं. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास, हे प्रत्येक औषधाच्या दुकानात मोठ्या अक्षरांत मराठीत लागलं पाहिजे. जास्त गेलंच तर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत बहुधा वाचतं. तो ग्रामीण रुग्णालयात ठेवा. क्षयरोगाच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाला मळमळ, उलट्या सुरू झाल्या तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दाखवायचं, हेही घरच्यांना सांगितलेलं नसतं.

विल्सनच्या आजारात यकृतात तांबं साठतं, पण ते भांड्यातून नव्हे, जन्मजात दोषामुळे. पाच वर्षांनंतर कधीही तो काविळीचं रूप घेऊन येतो. कावीळ दुसऱ्यांदा झाली, रेंगाळली, सोबत रक्त कमी झालं, अक्षर बिघडलं, हात थरथरू लागला, तर विल्सनसाठी तपासणी झालीच पाहिजे. एक मूल सापडलं की प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. त्या भावंडांना अजून काहीच झालेलं नसतं आणि गोळ्यांनी ती पूर्ण निरोगी राहू शकतात. कारण न लिहिलेल्या कागदाची किंमत इथे आख्खं घर मोजतं.

कारण चुकीचं लिहिलं की काय होतं, तेही पाहा. पश्चिम उत्तर प्रदेशात दर वर्षी पावसाळ्यानंतर लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन मरायची. मेंदूज्वर म्हणून नोंद व्हायची. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. जेकब जॉन यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की मुलं रानात खेळताना कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती. टाकळ्याच्या कुळातलं हे झुडूप आपल्याही रस्त्याकडेला उगवतं. त्याच्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम बिघडतात. ओडिशातल्या मलकानगिरीत २०१६ मध्ये मुलं दगावली, तेव्हाही याच बियांकडे बोट दाखवलं गेलं. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीत ‘मेंदूज्वर’ म्हणून नोंदलेल्या मुलांच्या यकृताचे आकडे कुणी पाहतं का, ही माझी शंका नाही, विचारणा आहे.

आणि कारण कळलेलं नसेल तर तेही लिहावं, हे स्कॉटलंडने दाखवलं. एप्रिल २०२२ मध्ये तिथे दहा वर्षांखालच्या, आधी ठणठणीत असलेल्या अवघ्या १० मुलांना कारण न कळणारा तीव्र हिपॅटायटिस झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं गेलं. दहा मुलं! तीन महिन्यांत ३५ देशांतून हजारावर संभाव्य रुग्ण नोंदले गेले. पुढे संशोधनात ॲडिनोव्हायरसच्या जोडीने आलेल्या एएव्ही-२ या एरवी निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या विषाणूकडे निर्देश झाला. आपल्या एखाद्या जिल्ह्यात अशी दहा मुलं आली असती, तर आपल्याला कळलं असतं का? दहाही कागदांवर ‘लिव्हरला सूज’ एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून महोदय, विभागाने एक परिपत्रक काढावं. सरकारी आणि खाजगी, दोन्ही ठिकाणी, कावीळ झालेल्या बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या कागदावर ‘कारण’ असा रकाना असावा. पाणी, औषध, विषारी वनस्पती किंवा उंदरांचं औषध, जन्मजात, आईकडून आलेला संसर्ग, की ‘अजून कळलेलं नाही’, यातलं काहीतरी तिथे भरलंच पाहिजे. ‘अजून कळलेलं नाही’ लिहिलेलं प्रत्येक मूल दोन आठवड्यांत पुन्हा तपासलं जावं आणि त्याची यादी दर महिन्याला जिल्ह्यावर जावी. शीच्या रंगाचं कार्ड आणि आशाताईंचं प्रशिक्षण यांची सुरुवात दोन-तीन जिल्ह्यांतून केली तरी चालेल. आमच्या तालुक्यातल्या आशाताईंना शिकवायला मी स्वतः विनामोबदला येईन, आणि माझ्या ओळखीचे आणखी काही बालरोगतज्ज्ञही तयार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मासिक बैठकीत अर्धा तास मिळाला तरी पुरे.

पावसाळ्याआधी हे परिपत्रक निघालं तर याच वर्षीच्या मुलांना त्याचा उपयोग होईल. उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
तालुक्याच्या गावातला एक बालरोगतज्ज्ञ